सावली मोजण्याचं वर्ष

जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात मी एक आगाऊपणा केला. सातवीचा भूगोलाचा तास होता, ३५ मिनिटांचा. फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर पालथा ठेवला आणि नेहमीसारखं शिकवलं. रात्री भांडी आवरून झाल्यावर ऐकत बसले. ३५ पैकी २९ मिनिटं मीच बोलत होते. उरलेल्या सहा मिनिटांत मुलांचं "हो मॅडम", खडू मोडल्याचा आवाज आणि बाहेरून गेलेला ट्रॅक्टर. प्रश्न विचारायचा आणि दम न खाता आपणच उत्तर द्यायचं, असं मी किती वेळा करते ते मोजायला लागले. चौदापर्यंत मोजलं आणि बंद केलं.

माझी नोकरी चौदा वर्षांची. माण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा पट २७. विद्यार्थिकेंद्री, ज्ञानरचनावाद हे शब्द मला नवे नव्हते. मुलांनी स्वतः करून शिकावं या पद्धतीसाठी गाजलेला आमच्याच जिल्ह्यातला शाळांचा गट म्हणजे कुमठे बीट. २०१६ साली ते बघायला मीही गेले होते. तेव्हा गावोगावचे शिक्षक गाड्या करून तिथं यायचे. तिथली मुलं खरंच आपापली शिकत होती. परत आल्यावर आम्ही काय केलं? तिथल्यासारख्या फरश्या रंगवल्या. दोन पावसाळ्यांत रंग गेला. खडूही तोच आणि बडबडही तीच राहिली. चूक कुमठ्याची नव्हती. आम्ही दिसलं तेवढंच उचललं.

यंदा तरी एकच विषय, एकच वर्ग आणि एकच धडा धरायचा ठरवला. सगळं एकदम बदलायला गेलं की ऑगस्टपर्यंत दम लागतो, हे माहीत होतं. सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मिती दोन भागांत आहे. पहिला भाग वर्षाच्या सुरुवातीला, निरीक्षणाचा. दुसरा पुढे, कारणांचा. म्हणजे मध्ये मुलांनी बघावं, नोंदी कराव्यात. मी आजवर पहिला भाग दोन तासांत "वाचून घ्या" म्हणून उरकला होता.

यंदा मैदानात काठी उभी करून दर बुधवारी दुपारी तिची सावली मोजायची ठरवली. काठीला खर्च शून्य. एका मुलीचे वडील गवंडी आहेत, त्यांनी सेंट्रिंगची सळी कापून दिली. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून ती उभी केली, ओळंब्यानं सरळ केली आणि तिचं टोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर ठेवलं. हे शंभर फार सोयीचं पडतं, पुढचं गणित मुलांना तोंडी येतं.

पहिली मोजणी बुधवारी, ५ जुलैला. मी ऐटीत सांगितलं की बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, तेव्हाची सावली सगळ्यात लहान, तीच मोजायची. बाराला सावली भरली १८ सेंटिमीटर. "लिहा" म्हटलं. एक पोरगा टेप सोडेना. सव्वाबाराला तो ओरडला, "मॅडम, तेरा झाली! अजून आखडतीय की!" मी म्हटलं, शाळेचं घड्याळ पुढं असेल. फोनमध्ये पाहिलं तर घड्याळ बरोबर. १२ वाजून ३८ मिनिटांनी सावली ९ सेंटिमीटरवर थांबली आणि पुन्हा वाढायला लागली. वर ती पडली होती दक्षिणेला! आपल्याकडे सावली उत्तरेला पडते असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय.

चौदा वर्षं हा धडा शिकवतेय आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री शोधलं तेव्हा कळलं. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली. आम्ही त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण ३२ मिनिटांचा फरक. वरची पाच-सहा मिनिटं पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे महिन्यागणिक मागंपुढं होतात. आणि आमचं गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून जून-जुलैत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. सगळं कळल्यावर सकाळी वर्गात जाऊन सांगून टाकायची जबरदस्त खाज आली. नाही सांगितलं. फळ्यावर फक्त लिहिलं, "घड्याळ चुकलंय की सूर्य?" तो प्रश्न डिसेंबरपर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात राहिला. पुसू नये म्हणून भोवती चौकट.

त्याच आठवड्यात प्लिकर्स सुरू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मुलांच्या हातात मोबाइल लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड. त्यावर काळ्या चौकटींची एक वेडीवाकडी आकृती, चार बाजूंना ए, बी, सी, डी. मुलानं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही कळत नाही. कार्डं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, ४० चा संच.

इथं माझे ५४० रुपये गेले. सातवीची पोरं कार्डं आठ दिवसांत चुरगाळतील म्हणून मी २७ कार्डं तालुक्याला नेऊन चकचकीत लॅमिनेट करून आणली, नगाला वीस रुपये. वर्गात कार्डं वर झाली, खिडकीचा उजेड त्यांवर पडला आणि निम्म्या कार्डांवर फोनला नुसती चमक. एकाचं उत्तर चार वेळा बदललं, बिचारा हलला पण नव्हता. शेवटी जाड कागदावर पुन्हा छापली, दहा रुपयांप्रमाणे २७०. लॅमिनेशन करू नका. करायचंच असेल तर बिनचमकीचं करा.

दुसरी अडचण रेंजची. आमच्या शाळेत व्हरांड्याच्या तिसऱ्या खांबापाशी दोन काड्या येतात, वर्गात एकही नाही. मग प्रश्न घरून तयार करून आणायचे आणि मुलांना व्हरांड्यात रांगेत बसवायचं. मुलांची खाती कुठंच काढली नाहीत, ई-मेल नाही, नाव नाही. प्लिकर्समध्ये फक्त हजेरी क्रमांक टाकले. तरीही शाळा व्यवस्थापन समितीच्या जुलैच्या सभेत दोन ओळींचा ठराव करून घेतला: अध्यापनासाठी शिक्षिका स्वतःचा मोबाइल वर्गात वापरतील, विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती वा छायाचित्र कुठेही टाकणार नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, एवढ्याला कशाला ठराव?" पण पुढं "मॅडम वर्गात मोबाइल बघतात" अशी कुजबुज झाली तेव्हा त्याच दोन ओळी कामाला आल्या.

पहिला प्रश्न होता, उन्हाळा का होतो. चार पर्याय: पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, ढग नसतात, सूर्य जास्त तापतो. हजर २५. त्यांतल्या १९ जणांनी "जवळ जाते" धरलं. मी हसले. मग जुनी सवय उसळली आणि ऑगस्टअखेरपर्यंत मी दोन तास मन लावून अक्ष समजावला, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ फोनवर गटागटानं दाखवला. मुलांनी माना डोलावल्या. पुन्हा तोच प्रश्न टाकला. १९ चे १६ झाले.

हा आकडा मला लागला. व्हिडिओ वाईट नव्हता, मीही वाईट शिकवलं नव्हतं. पण कार्डं नसती तर "समजलं का?" "हो मॅडम" एवढ्यावर मी पुढच्या धड्याला गेले असते, जशी दर वर्षी जाते. वेबसाधनांचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच. मला दाखवायला काही नवं मिळालं नाही, मुलांच्या डोक्यात काय आहे ते मला दिसलं.

"फोनवर गटागटानं" कशाला, टीव्ही नाही का? आहे. लोकवर्गणीतून घेतलेला ४३ इंची. पण १७ ऑगस्टला शाळेची वीज तोडली. थकबाकी ७,४६० रुपये. आमच्याकडे अनुदान खात्यात यायला दिवाळी उजाडते, बिल मात्र महिन्याला येतं. २३ ऑगस्टला चांद्रयान उतरलं तेव्हा अख्खी सातवी संध्याकाळी सहाला देवळाच्या पारावर माझ्या सहा इंची फोनभोवती होती. त्या दिवशी बुधवारच होता. दुपारी आमची सावली ११ सेंटिमीटर भरली होती, आणि आता उत्तरेला. दुरुस्त्या, अर्ज, ग्रामपंचायतीच्या चकरा, शेवटी समितीतल्या दोघांनी हातउसने पैसे भरले आणि २६ सप्टेंबरला वीज आली. चाळीस दिवस. तोवर मला टीव्हीची सवय सुटली होती, हेही खरं.

मधला एक दिवस मात्र सांगायलाच हवा. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य नेमका आमच्या डोक्यावरून जातो. २ तारखेला ढग होते. पोरं हिरमुसली. ३ तारखेला साडेबारापर्यंत तेच. सगळे काठीभोवती गोल करून उभे, कोणी बोलत नाही. साडेबारानंतर ढगाला फट पडली. ऊन आलं, आणि सळीला सावलीच नाही. डब्याच्या काठाशी एक काळी टिकली, बस्स. दोन मिनिटं. "आवं मॅडम, गिळली की काठीनं!" कुणीतरी म्हणालं. मग सगळे स्वतःची सावली शोधायला लागले, पायाखाली. मी एक शब्द बोलले नाही. खरं तर मलाच बोलवेना.

त्या वर्षी पाठ्यपुस्तकातच वहीची पानं जोडून आली होती, वर "माझी नोंद" छापलेलं. त्या पानांचं काय करायचं यावर शिक्षकांत बराच काथ्याकूट चालला होता. आमची पानं सावलीनं भरली.

सप्टेंबरमध्ये केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, आले. वेळ दुपारी बारा वीस. सातवीचा वर्ग रिकामा, मुलं मैदानात, दोघं जमिनीवर पालथी पडून टेप बघतायत, तिघं भांडतायत. लॉगबुकात शेरा आला: "विद्यार्थी प्रांगणात आढळले. वर्गशिस्तीकडे लक्ष द्यावे." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आमच्या मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, टाचणात काय लिहिलंत?" टाचण म्हणजे तासाची आधी लिहायची आखणी. मी लिहिलं होतं, "ऋतुनिर्मिती". "तिथंच चुकलं. 'क्षेत्रनिरीक्षण व नोंद, मैदान, वेळ १२.१५ ते १२.५०' असं लिहा. वेळापत्रकात बुधवारचा भूगोल चौथ्या तासाला आणा, मी सही करतो." केलं. पुढच्या भेटीत तेच साहेब, तशीच भांडणारी मुलं, पण शेरा नाही. ही युक्ती लिहून ठेवा. आणि मूल्यमापनासाठी वेगळी वही काढू नका. सावलीच्या नोंदी आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, 'प्रकल्प'मध्ये बसतात, प्लिकर्सचे निकाल 'चाचणी'त. मी पहिले दोन महिने तिसरीच वही रंगवत बसले होते.

मैदानातल्या मुलांना कामं वाटून दिली होती: वेळ पाहणारा, मोजणारा, लिहिणारा, आणि मोजणाऱ्यावर संशय घेणारा. ही शेवटची भूमिका मुलांनीच काढली. दर आठवड्याला पाळी बदलायची. लिहिणाऱ्यानं आकडा माझ्या फोनवरच्या गुगल शीटमध्ये टाकायचा, आलेख आपोआप वाढायचा. वीज आल्यावर आम्ही तो टीव्हीवर लावायला लागलो.

१८ ऑक्टोबरचा आकडा टाकल्यावर वर्गात गलका झाला. २७ सप्टेंबर ३५, ४ ऑक्टोबर ४०, ११ ऑक्टोबर ३८, १८ ऑक्टोबर ५१. चढत्या रेघेला मध्येच खड्डा. "सावली वाढत चालली हुती, मधीच आखडली कशी?" एक म्हणाला काठी वाकली असेल. काठी तपासली, सरळ. दुसरी म्हणाली सूर्य मागं आला असेल, तिला सगळे हसले. मग एकीनं मागची "माझी नोंद" उघडली आणि म्हणाली, ११ तारखेला तर आभाळ होतं. मोजणाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे. तो काही क्षण टेपच्या डबीशी खेळला आणि म्हणाला, "अंदाजानं लिवलं." त्याला मी रागावणार होते, पण वेळच मिळाला नाही. मुलांनीच ठरवलं की ढग असेल तर "ढग" लिहायचं आणि आलेखात जागा मोकळी सोडायची. त्याच्यावरचा राग आठवडाभर टिकला. आणि नेमका तोच पुढं सगळ्यात कडक संशय घेणारा झाला.

सगळंच असं जमलं नाही. 'नैसर्गिक प्रदेश' या धड्याला मी जिगसॉ करून पाहिलं. अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत १९७१ साली एलियट अॅरन्सन यांनी सुरू केलेली पद्धत. धड्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका गटानं पक्का करायचा आणि मग गट मोडून प्रत्येकानं आपला तुकडा इतरांना शिकवायचा. कागदावर छान. माझ्या वर्गात हुशार चौघांनी गाइडमधून उतरवलं आणि बाकीच्यांनी त्यांचं उतरवलं. तुंद्राच्या गटाला वाळवंटाच्या गटाचं काही ऐकायचं नव्हतं, कारण ऐकून करायचं काहीच नव्हतं. सावलीच्या कामात प्रत्येकाचा आकडा दुसऱ्याला लागत होता, इथं तसं काही नव्हतं. शिवाय दिवाळीपर्यंत मी दोन धडे मागं होते. ते चक्क "लिहून घ्या" म्हणत उरकले.

२२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, आम्ही नागपूरशी जोडणी केली. माझी डी.एड.ची मैत्रीण नागपूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. तिनंही मीटरची काठी रोवली. व्हिडिओ कॉल तीनदा तुटला, मग तो नाद सोडून फोटो आणि आवाजाचे निरोप. आमची सगळ्यात लहान सावली ८७ सेंटिमीटर, साडेबाराला. त्यांची ९८, आणि १२ वाजून १२ मिनिटांनी. तिकडून एका पोराचा निरोप आला, "तुमच्याइकडे सूर्य लेट कायले येते?" वर्ग लोळला. आणि मग एक मुलगी उठून फळ्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे गेली. अठरा मिनिटं, चार मिनिटांना एक अंश, नकाशात आपण आणि नागपूर साडेचार अंशांच्या अंतरावर. घड्याळही बरोबर होतं आणि सूर्यही. चौकट तिनंच पुसली. साडेपाच महिने.

मुलांनी मग दहा सेंटिमीटरची काठी आणि ८.७ ची सावली वहीत काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकानं मोजला: आमचा ४१ अंश, नागपूरचा ४४. फरक ३. गुगल अर्थच्या पट्टीनं दक्षिणोत्तर अंतर आलं साधारण ३८५ किलोमीटर. तीन अंशांना ३८५, तर ३६० ला किती? ४६,२०० किलोमीटर, पृथ्वीचा परीघ. पुस्तकात बघितलं तर सुमारे ४०,०००. मी म्हणणार होते की "छान, जवळ आलं." तेवढ्यात संशयवाल्यानं नागपूरचा कोन पुन्हा मोजला आणि साडेचव्वेचाळीस काढला. उत्तर ३९,६००. "म्हंजी अर्धा अंश चुकला तर सहा हजार किलोमीटर जातंय?" जातंय बाबा.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. परिपाठाला सगळी मुलं स्वेटरात, मुली नऊवारी नेसून कुडकुडत. कार्यक्रम झाल्यावर मी सातवीला एवढंच सांगितलं, की आज पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या सगळ्यात जवळ आहे, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैत, आपण पहिली सावली मोजली त्या आठवड्यात, ती सगळ्यात लांब होती, १५ कोटी २१ लाख. आणि वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. आतलं भांडण व्हरांड्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत ऐकू येत होतं.

आठवड्यानं कार्डं पुन्हा वर झाली. "जवळ जाते" म्हणणारे पाच उरले. त्या पाचात वर्गातला पहिला नंबर आहे. तो म्हणतो, आकडा मान्य आहे, पण शेकोटीजवळ गेलं की गरम होतंच की. एप्रिलमध्ये त्यानं पेपरात अक्षाचं कारण अचूक लिहिलं. मला अजून संशय आहे.

पेपरवरून आठवलं. एकीनं "दुपारच्या सावलीत वर्षभरात होणारे बदल" या प्रश्नाला पुस्तकी उत्तराऐवजी आमचे आकडे तारखांसकट लिहिले, ढगांच्या जागा मोकळ्या सोडून. चारपैकी चार दिले. शेजारच्या वर्गाच्या सरांनी विचारलं, "हे उत्तरसूचीत कुठंय?" सूची मीच केली होती, सुधारून घेतली.

फेब्रुवारीत फोन पुन्हा टेबलावर पालथा ठेवला होता. ३५ मिनिटांत मी १७ मिनिटं बोलले. त्यातली चांगली पाच मिनिटं "हळू, अरे हळू" अशी आहेत. वर्षाचा एकूण खर्च १,०८० रुपये: दोनदा छापलेली कार्डं, वाया गेलेलं लॅमिनेशन. रिचार्ज धरला नाही, तो कोणीच धरत नाही.

सळी डब्यासकट सध्या गावातल्या पोरांकडे आहे, सुट्टीतल्या क्रिकेटला स्टंप म्हणून. ओळंबा लावलेला स्टंप तालुक्यात दुसरा नसेल. १५ जूनच्या आत परत आणून देतो असं कबूल केलंय.